बांधावरची माझी जागा

दसरा आठ दिवसांवर आला की दादरच्या फुलबाजारात भाताच्या लोंब्या येतात. झेंडूच्या ढिगांमागे बायका बसलेल्या असतात, पुढ्यात आंब्याची पानं आणि पानांवर लोंब्यांच्या लहान लहान जुड्या. मी एक जुडी उचलतो, एक दाणा नखाने फोडून आत दूध आहे की दाणा भरला ते बघतो आणि जुडी परत ठेवतो. बाईला वाटतं म्हातारा आता भाव पाडणार. ती आपणच भावात दोन पावलं खाली येते. मी तरी घेत नाही. मग ती मला ऐकू जाईल इतक्या आवाजात शेजारणीला काहीतरी सांगते. ती म्हणते त्यात खोटं काही नसतं.

पंचवीसेक वर्षं हे असंच चाललं आहे. यंदा खिशात पुतण्याचं पत्र होतं एवढाच फरक. पत्रात त्याने एकच गोष्ट विचारली आहे आणि दसऱ्याच्या आत उत्तर मागितलं आहे. आयुष्यभर मी समोरच्याने तोंड उघडण्याआधी भाव बोललो. या पत्राला मात्र चार दिवस झाले तरी काय लिहावं ते सुचत नाही.

पत्र कळायचं तर आमचा खारेपाट माहीत हवा. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे, जिथे जमीन संपते आणि समुद्र नीट सुरूही होत नाही, तिथला हा भाताचा मुलूख. आमची शेतं समुद्राकडून हिसकावून घेतलेली आहेत. कोण्या पूर्वजांनी खाजणात उभं राहून चिखलाचे बांध घातले, पाणी बाहेर कोंडलं, आतली माती पावसाने धुऊन गोडी केली आणि त्यात भात पेरलं. बांधात दगड नाही, सिमेंट नाही, नुसता चिखल. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलात तर एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला भात दिसतं, आणि खाडीचं पाणी भाताच्या शेंड्यांपेक्षा उंच असतं. पाहुण्यांना ते बघून भीती वाटते. आम्हाला त्यात काही वाटत नसे. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे पाणी डोक्याच्या वरच असतं.

पीक एकच. भात झालं की पुरुष मिठागरात जात, नाही तर मुंबईला. बायका कांदे आणि सुकी मासळी डोक्यावर घेऊन बाजार करत. मचवे भात घेऊन मुंबईला जायचे आणि त्याच मचव्यांतून, गोण्यांवर बसून, माणसंही जायची. मी तसाच आलो. आमच्या शेताच्या तुकड्यावर एकच घर जगेल एवढं भात पिकायचं. दादूस, म्हणजे माझा मोठा भाऊ, तिथे राहिला आणि मी निघालो. कोणी मला जा म्हणालं नाही, राहा असंही म्हणालं नाही. भाऊच्या धक्क्यावर मी सहा वर्षं भाताच्या गोण्या वाहिल्या. त्यातल्या काही आमच्याच गावच्या असत. गोणीच्या तोंडाशी नाक गेलं की खाजणाचा वास यायचा, आणि मला राग यायचा. कशाचा, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. पुढे मी दलाली केली, मग लालबागला तांदळाचं दुकान टाकलं. कोणाचा एक पैसा घेतला नाही. मानेवरचा घट्टा अजून आहे. न्हावी दर वेळी विचारतो, गाठ कसली.

आता बांधाचं. भाद्रपदाच्या अमावास्येला, पितरांच्या दिवशी, मोठं उधाण येतं. कधी कधी बांध फुटतो. त्याला आम्ही खांड गेली म्हणतो. खारं पाणी आत शिरलं की उभं पीक जातंच, पण जमीनही तीन वर्षं नुसती पांढरी पडून राहते. म्हणून ओहोटी लागली की पुढची भरती यायच्या आत खांड बुजवायची; मोठी असली तर दोन-तीन दिवस, दर ओहोटीला. त्यासाठी अख्खं गाव रांग धरतं. एका टोकाला चिखल कापतात, दुसऱ्या टोकाला खांड असते, आणि मधे प्रत्येक घरचा एक माणूस. चिखलाचा गोळा या हातातून त्या हातात जात राहतो. रांगेत कोणी कुठेही उभं राहत नाही. बांधालगत ज्या क्रमाने शेतं, त्याच क्रमाने माणसं. माझ्या वडिलांची जागा ठरलेली होती, तीच पुढे आमची. दादूस चिखल कापण्यात पटाईत, म्हणून तो टोकाला असायचा आणि रांगेतल्या जागेवर मी. मुंबईला आल्यावरही खांड गेली की मला निरोप यायचा आणि मी हातातलं टाकून लाँच गाठायचो.

आणि एखाद्या घरचा माणूस आलाच नाही तर त्याची जागा रिकामी ठेवतात. दोन्हीकडचे सरकून ती बुजवत नाहीत. एक जण वाकून गोळा फेकतो, दुसरा वाकून झेलतो. झेलताना सुटला तर गोळा त्या रिकाम्या जागेत पडतो, आणि पडलेला कोणी उचलत नाही. ज्याची जागा, त्याने येऊन उचलावा.

खांड बुजली, भात वाचलं की दसऱ्याला नवं. शेतातल्या पहिल्या लोंब्यांच्या जुड्या करायच्या, आंब्याच्या पानात बांधायच्या, एक आपल्या दाराला आणि एकेक परगावी असलेल्या घरच्या माणसांना. लाँचवरचा खलाशी ओल्या गोणपाटात गुंडाळून त्या आणायचा आणि लालबाग-परळच्या चाळींमधून आमच्या गावकऱ्यांना वाटायचा. माझ्या दाराच्या चौकटीवर त्यासाठी खिळा होता. गिरणीतला माणूस असो की दुकानदार, दाराला नवं आहे म्हणजे गावात त्याचं घर आहे. याची कुठे नोंद नसते. पण आमच्यात त्याहून मोठा पुरावा नाही.

नवे पैसे आले त्या वर्षाची गोष्ट. सगळंच गोंधळाचं वर्ष होतं. गिऱ्हाईक जुन्या आण्यांत विचारायचं, मी नव्या पैशांत सांगायचो, आणि दोघांनाही आपण फसलो असं वाटायचं. राज्य द्वैभाषिक होतं, मुंबई त्यात होती आणि नव्हतीही. भिंतीवर चुन्याने घोषणा लिहिलेल्या, पोलीस पुसून जात, सकाळी पुन्हा ओल्या. दर चार दिवसांनी सभा, दर आठ दिवसांनी मोर्चा. आमच्या चाळीच्या चौकात सभा झाली तेव्हा वक्ता वेळेवर आला नाही, म्हणून आवाज मोठा या एकाच गुणावर मला खुर्चीवर चढवलं. मी काय बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवतं, कारण तेवढ्या टाळ्या मला नंतर कधी मिळाल्या नाहीत. मी म्हणालो, पैसा लावला म्हणून जागा आपली होत नाही, अंग लावावं लागतं. ही मुंबई ज्यांनी पाठीवर वाहिली त्यांची. माझी मान तेव्हा खरोखरच दुखत होती, त्यामुळे बोलणं आतून आलं. गॅलरीतून बायका ऐकत होत्या. माझी बायको मंदाही होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, पदराने डोळे पुसत होती, आणि मला ते टाळ्यांपेक्षा आवडलं होतं.

त्यानंतर पंधरवड्याच्या आत खांड गेली.

निरोप आला तेव्हा मी धक्क्यावर होतो. दुसऱ्या दिवशी हरताळ होता आणि एका मचव्यात जुना तांदूळ अडकला होता. जुना तांदूळ भाद्रपदात संपत आलेला असतो आणि नवा कार्तिकाशिवाय येत नाही. त्यात हरताळ. मचवा रिकामा केला नाही तर माल तीन-चार दिवस तिथेच राहणार हे मालकाला माहीत होतं, आणि त्याला ते माहीत आहे हे मला माहीत होतं. गोणीत परखीची नळी खुपसून मी दाणा बघितला होता, दोन चावले होते, आणि आमचा सौदा रुमालाखाली सुरू झाला होता. त्या काळी भाव तोंडाने बोलत नसत. दोघांचे हात रुमालाखाली, आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. हात काढला की सौदा मोडला.

खलाशी येऊन माझ्या कानाशी वाकला. म्हणाला, खांड गेली, मोठी आहे, दादूसने बोलावलंय, लाँच अर्ध्या तासाने सुटते.

माझा हात रुमालाखाली होता. समोरच्याच्या बोटांवरून मला कळत होतं की तो आणखी खाली येणार आहे. मी विचार केला, आणि भरपूर केला. मी एक माणूस, चाळिशीचा, दुकानात बसून पोट सुटलेला. माझ्याऐवजी दोन धट्टेकट्टे हमाल गेले तर काम दुप्पट होईल. यात चूक कुठे आहे ते मला त्या वेळी दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर हिशेबात ती आजही दिसत नाही. मी डाव्या हाताने सखारामला आणि त्याच्या जोडीदाराला खूण केली. दोघे माझ्याबरोबरचे जुने हमाल. त्यांना तीन दिवसांची मजुरी आगाऊ दिली आणि लाँचवर बसवलं. उजवा हात रुमालाखालून काढला नाही.

सौदा उत्तम झाला. तसा पुन्हा झाला नाही.

चौथ्या दिवशी सखाराम परत आला, पायांना वाळलेला चिखल तसाच. खांड बुजली होती, भात वाचलं होतं. जेवणाचं त्याने फार कौतुक केलं. वहिनीने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं वाढलं, पोटभर, आग्रह करकरून. मग म्हणाला, "शेट, तुमचं गाव अजब. दोन हात फुकट मिळाले तरी त्यांना जागेवर उभं केलं नाही. आम्हाला चिखल कापायला बसवलं आणि रांगेत तुमच्या नावाचं भोक ठेवलं." आणि हसला. मी त्याच्यावर असा ओरडलो की दुकानातलं गिऱ्हाईक निघून गेलं. बिचाऱ्याला कळेना त्याचं काय चुकलं. मलाही कळेना.

दसरा आला. मंदाने चौकट धुतली, हळद-कुंकू लावलं, खिळा पुसला. खलाशी आला. खालच्या मजल्यावर गिरणीत साच्यावर काम करणारा आमचा एक गाववाला होता, त्याच्या दाराला नवं लागलं. शेजारच्या चाळीत दोघांना मिळालं. खलाशाच्या हातातलं गोणपाट रिकामं झालं. तो माझ्या दुकानासमोरून गेला, राम राम केला आणि चहा न घेता निघाला. मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे आपला भाव आपणच सांगणं.

संध्याकाळपर्यंत दुकानात मी कोणाशी सरळ बोललो नाही. घरी आलो तर खिळा तसाच. मंदा म्हणाली, दादरला जुड्या मिळतात, एक आणते, सणाचं दार रिकामं नको. मी ताट सरकवलं. विकतचं नवं दाराला लावू? गावात अजून माझं घर आहे. मी दोन माणसं पाठवली होती, एकाच्या जागी दोन. मी बराच वेळ बोललो असणार. ती ऐकून घेत होती. मग ताट पुन्हा माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "तुम्ही माणसं विकत पाठवलीत ना? मग नवं विकत आणलं तर काय बिघडलं?"

तिने हे चिडून म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. ती खरंच विचारत होती.

कार्तिकात मी भांडायला गावी गेलो. धुवट धोतर, कोट, पायात बूट, मुद्दाम. रेवसला उतरून बांधावरून चालत निघालो. कापणी सुरू होती. कापलेल्या भाताचा वास गोडूस असतो, त्यात खाजणाचा खारट वास मिसळला की माझं डोकं नेहमीच फिरतं. भूक आणि राग दोन्ही एकदम येतात. बायका ओळीने कापत होत्या. त्यातली एक उठून, विळा कमरेवर टेकवून बघायला लागली आणि म्हणाली, मुंबईचा शेट आला वाटतं. दुसरी म्हणाली, शेट नव्हं, दादूसचा भाऊस हाय. दोघी कितीतरी वेळ हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं?

दादूस बांधावरच भेटला. मी जे घोकून आलो होतो ते सगळं एका दमात बोललो. वाडवडिलांची जागा, वाहिलेल्या गोण्या, दोन माणसांची मजुरी, खालच्या मजल्यावरच्या गिरणीवाल्यापुढे झालेली शोभा. तो विडी विझू न देता ऐकत होता. मग चालायला लागला. मी मागोमाग. बुजवलेल्या खांडीपाशी नवा चिखल वाळून फिका झाला होता, त्यावर हातांचे ठसे अजून दिसत होते. तिथून थोडं अलीकडे बांधावर एक ढीग होता. गुडघ्याच्या वर येईल एवढा. चिखलाचे गोळे एकावर एक पडून वाळलेले, मधल्या भेगांतून गवताची पाती निघालेली.

"तुज्या जागंवर पडलेलं," दादूस म्हणाला. "तीन दिस पडत होतं. कुनी हात नाय लावला."

मी म्हणालो, मग माझ्या माणसांना तिथे उभं का नाही केलं? ढीग झालाच नसता.

"तुजी जागा ती. दुसऱ्याला कशी दिऊ?"

मी म्हणालो, जागा माझी आहे, तर माझं नवं कुठे आहे?

तो घराकडे चालायला लागला. घराच्या दाराला दोन जुड्या होत्या, वाळलेल्या. एकीकडे बोट करून म्हणाला, ही तुजी. आमी म्हनलं, औंदा येशील न्यायला.

बस, एवढंच. त्याच्या चेहऱ्यावर राग आहे का, टोमणा आहे का, माया आहे का, मी शोधत होतो. मी माणसांचे चेहरे वाचून पोट भरलं आहे. रुमालाखालच्या बोटांवरून मला समोरच्याचं मन कळायचं. माझ्या सख्ख्या भावाचा चेहरा मात्र मला वाचता आला नाही. ही शिक्षा होती, की वाट बघणं? परक्याची जागा कोणी रिकामी ठेवत नाही, हे खरं. पण आपल्या माणसाची लाज कोणी बांधावर ढीग घालून वाळत ठेवतं का? आणि चौकातल्या खुर्चीवर उभा राहून मी जे बोललो होतो, तेच वाक्य मला त्या ढिगाशी आठवलं. पैसा लावला म्हणून जागा आपली होत नाही. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. इथे एक बगळा उडाला.

मी कोट काढून तो ढीग उचलला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. अर्ध्या तासाचं काम. दादूस बहुतेक त्याचसाठी मला तिथे घेऊन गेला होता. हेसुद्धा मला परतताना लाँचमध्ये सुचलं. त्या वेळी मी म्हणालो, तुमचा चिखल तुम्हाला लखलाभ. जुडी घेतली नाही, वहिनीने ताट वाढलं होतं तेही तसंच टाकलं. वहिनी दारापर्यंत आली, पण थांब म्हणाली नाही. आमच्याकडे कोणी तसं म्हणतच नाही.

पुढे राज्य झालं. लालबागला दिवे लागले, पेढे वाटले, मीही वाटले. लोक म्हणत होते, मिळालं. मीही म्हणत होतो. आमच्या दाराचा खिळा मात्र रिकामाच राहिला. दादूसचं-माझं बोलणं सुरू झालं, लग्नाकार्याला जाणं-येणं झालं, तो गेला तेव्हा मी खांदा दिला. ढिगाचा विषय दोघांनीही काढला नाही. दर दसऱ्याला माझी जुडी तिकडच्या दाराला लागत राहिली, मी ती आणायला गेलो नाही, आणि त्यांनी ती पाठवली नाही. कोण हटवादी हे मला अजून ठरवता येत नाही. कधी वाटतं मी. मग त्यांची आठवण येते आणि वाटतं, नाही, ते.

आता पुतण्याचं पत्र. तो लिहितो: काका, सरकारी योजनेतून आपल्या बांधाचं काम निघालंय, बाहेरून दगड बसवून पिचिंग होणार, यंत्र येणार आहे. आता खांड जाणार नाही आणि रांगही लागणार नाही. ठेकेदार म्हणतो, बांधावरचा उंचवटा सपाट करावा लागेल. त्यावर आता गवत वाढून तो बांधाचाच झाला आहे, बांधावरची सगळ्यात उंच जागा तीच. उधाणाला पाणी किती चढलं ते बघायला लोक तिथेच उभे राहतात. सगळे त्याला काकाची जागा म्हणतात. लहान पोरांना हे काका कोण ते माहीत नाही. तर, यंत्र दसऱ्यानंतर येईल. तुमची जागा आहे म्हणून विचारतो, काढू द्यायचा का?

लालबागला माझ्या दुकानावर माझं नाव आहे, रंग दर दोन वर्षांनी नवा देतो. गावात माझ्या नावाने ओळखली जाणारी एकच वस्तू आहे आणि ती म्हणजे मी न उचललेला चिखल. इतकी वर्षं तो मला डोळ्यांसमोर नको होता. आणि आता कोणी यंत्र घेऊन येतो म्हणतो तर मला राग आला. ठेकेदाराचा आला, पुतण्याचा आला. त्याने विचारलं म्हणून आला, आणि न विचारता काढला असता तर जास्त आला असता.

मी कार्ड घेतलं आणि लिहिलं, काढू नका. फाडलं. दुसरं घेतलं, लिहिलं, खुशाल काढा. तेही फाडलं. मंदा सुपारी कातरत होती. तिने फाडलेले तुकडे बघितले आणि विचारलं, यंदा दादरहून नवं आणायचं का? हे ती दर वर्षी विचारते. दर वर्षी मी नाही म्हणतो. यंदा मी म्हणालो, थांब जरा.

मग तिसरं कार्ड घेतलं. पुतण्याला लिहिलं: यंत्र येण्याआधीच्या दिवशी ओहोटी किती वाजता लागते, ते उलटटपाली कळव.